चावा

दवाखान्यात खुर्चीसमोर पाटी आहे: तंबाखू सोडा.
अक्षरं मीच रंगवली, तांबडी.
आणि मागच्या खोलीत, मापाच्या साच्यांखालच्या खणात,
फ्लॅनेलवर आडवे पडलेले अकरा पाइप.

ओढत नाही. बायपासला सतरा वर्षं झाली.
पुसतो फक्त.
कंपाउंडर गजबा म्हणतो,
"डॉक्टरांनू, ह्या म्हणजे सोडलेल्या बायलेची
लुगडी धुतल्यासारख्या झाला."

असेल.
पण वेंगुर्ल्याची हवा लाकडाला सुखानं बसू देत नाही.
चार दिवस खण उघडला नाही की
वाटीच्या काठावर बुरशीची लव येते.
मग शिरोड्याचं खडेमीठ भरायचं गळ्यापर्यंत,
वरून काजूची फेणी, ड्रॉपरनं, घाई न करता.
सकाळी मीठ तपकिरी झालेलं असतं
आणि खोलीला वास, कुणीतरी रात्रभर
खरं बोलून गेल्यासारखा.

नवा घेताना चकाकी बघू नये.
वार्निशखाली पुटीनं भरलेली भोकं असतात,
आम्ही दातांत भरतो तशीच.
नळी ओठाला लावून फुंकावी; शिट्टी वाजली तर परत द्यावा.
भोक वाटीच्या तळाशीच उतरलेलं हवं.
गव्हाएवढं वर राहिलं तरी खाली ओल साचते
आणि पाइप जन्मभर गुरगुरतो.
आतली काजळी रुपयाच्या नाण्याइतकी जाड.
जास्त झाली तर लाकूड तडकतं, नसली तर जळतं.
(वडिलांची माया साधारण ह्याच मापाची होती.)
आणि गरम असताना सांधा पिळू नये.
हे मी लग्नाबद्दलही सांगितलं असतं,
कुणी विचारलं असतं तर.

बारावा दस्तगीर भंगारवाल्यानं आणला,
पितळी समईच्या तुकड्यांबरोबर, गोणत्यातून.
"उभादांड्याच्या एका घरातलो. पन्नास देवा."
सरळ, जड, नीट भाजलेल्या विटेच्या रंगाचा.
मुखाचं रबर शेवाळी पडलेलं.
सवयीनं दिव्याखाली धरला,
सवयीनंच आरसा घेतला हातात.

वर दोन खळगे, खोल.
खाली एक, मागच्या दाढेचा.
आणि सुळ्याची खूण जिथे हवी
तिथे रबर गुळगुळीत, कोरं.

तो दात मी काढला होता.
ऑगस्ट, वीज गेलेली, गजबानं टॉर्च धरलेला.
कायतान लोबो, रेडी बंदरात टगवर इंजिन ड्रायव्हर.
ओरडला नाही. रक्तानं भरलेल्या तोंडानं
एवढंच विचारलं,
"डॉक्टर, पाइप धरूक गावतलो मां?"
म्हटलं, यापुढे उजवीकडे धर.

ऐकलं नाही त्यानं.
सगळा चावा डावीकडेच आहे,
रिकाम्या जागेच्या दोन्ही अंगांनी
खांब रोवल्यासारखा.

रबराला मूळ आकार आठवतो.
मेणबत्तीवर अंतर ठेवून फिरवलं
की खळगे आपोआप वर येतात,
मग पॉलिश. गिऱ्हाइकाला कळत नाही.
मी मेणबत्ती लावली.
हात चालू झाले, त्यांना काम माहीत असतं.
पहिला खळगा भरत आला,
अर्धा,
तेव्हा मी फुंकर मारली.

आता तो तसाच आहे:
वरचा एक दात पुसट, दुसरा स्पष्ट,
आणि जो नव्हता तो अजूनही नाही.
घरी परत द्यावा का? विकला त्यांनीच.
फ्लॅनेल थोडं सरकवून जागा केली.

बाहेर बेल वाजली. कुणाचीतरी अक्कलदाढ.
हात धुतले, दोनदा.
पोरगा खुर्चीत बसला, पाटी वाचली,
नाक उडवलं.
"डॉक्टर, वास कसलो येता?"
मिठाचा, म्हटलं.
तोंड उघड.